एका चपलेचा राक्षस

३ फेब्रुवारी

ताई,

मी फोन करतो तो "बरं, ठेवतो" एवढंच म्हणायला, असं तू म्हणालीस. पत्र लिही, लिहिताना तरी बूड टेकेल, असंही म्हणालीस. तर घे, टेकलंय. ढोलाच्या रिकाम्या पेटीवर बसलोय आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे नोकरी सोडलेली नाही. तू शेजारच्या काकूंशी पैज लावली होतीस ना, भिंगरी महिनाभरही टिकणार नाही म्हणून? आज महिना आणि सहा दिवस झाले. सख्ख्या भावावर पैज, आणि तीही उलटी! हरलीस तर काय करायचं ठरलं होतं ते कळव.

आता काम सांगतो. इथे सिनेमाचं संगीत वाजवून भरून घेतात. शाळेच्या मैदानाएवढा हॉल, जमीन लाकडाची. साठ वाजवणारे अर्धगोल करून बसतात. समोर पडद्यावर मुका सिनेमा चालतो आणि त्याच्याकडे बघत बाई हात हलवतात. बाई म्हणजे ज्यांनी ते सगळं संगीत लिहिलं त्या. केस पिकलेले, पायात पुरुषी बूट, आणि रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. मग सगळ्यांची गाळण उडते.

वाजवणाऱ्यांपुढे कागद असतात. ते कागद मी चिकटवतो. हसू नकोस. लाल दिवा लागला की इथे श्वाससुद्धा जपून घ्यायचा, कारण माइकला सगळं ऐकू येतं. आणि साठ जणांनी पानं उलटली, तर कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरल्यासारखा आवाज होतो. म्हणून पानं अशी जोडायची, की ज्याचं त्याचं पान त्याच्या थांब्यावर संपावं. मला सूर वाचता येत नाहीत, पण थांबा ओळखता येतो. आडवी जाड रेघ आणि वर आकडा. आकडा मोठा असला की तो गडी तेवढा वेळ गप्प बसणार, पान उलटायला आणि नाक पुसायला मोकळा. मी आकडे मोजतो, कापतो, कापडी पट्टीने जोडतो. बूट दाराबाहेर काढायचे, आम्ही कामवाले सगळे मोज्यांवर फिरतो. माझ्या मोज्याला भोक आहे, हे आता सगळ्या वाद्यवृंदाला माहीत आहे.

आता खुर्ची घट्ट धर. सिनेमा कोणता आहे सांगू? आपला धिप्पाड!

तेच गं, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. पुलाखाली राहणारा, अख्खा पूल पाठीवर तोलून धरणारा राक्षस. त्याची एक चप्पल नदी घेऊन जाते, आणि तो आहे हे सगळ्या शहरात फक्त नावाड्याच्या पोरीला माहीत असतं. आता त्याचा चित्रांचा सिनेमा केलाय, दोन वर्षं शंभर माणसं चित्रं काढत बसली होती. बाईंनी त्याची चाल केलीय. धप, टप. धप, टप. चपलेचा पाय जड, अनवाणी पाय हलका. ती चाल आठ बास वाजवतात. बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. कागदावर ती चाल मला लांबून ओळखू येते, एक जाड खूण, एक बारीक. पहिल्यांदा वाजली तेव्हा माझ्या हातातली कात्री पडता पडता राहिली. तू अशीच वाजवायचीस, पत्र्याच्या ट्रंकेवर, मूठ आणि बोट.

चिमणीला सांग, मामाची राक्षसाशी जुनी ओळख आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

पैज हरले. काकूंच्या सगळ्या खिडक्या धुऊन दिल्या, आतून आणि बाहेरून. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी येऊन शेजाऱ्यांच्या खिडक्या. काचाच लिहिल्यात माझ्या नशिबी. काकू म्हणाल्या, "असाच टिकू दे गं त्याला, पुढच्या महिन्यात माळा साफ करून घेते तुझ्याकडून." तरी मी पुन्हा पैज लावली. या वेळी तुझ्या बाजूने. तेव्हा माझी लाज तुझ्या हाती.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि मालकांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पानं उलटायचीसुद्धा नोकरी असते?" मी म्हटलं, उलटायची नाही हो, उलटण्याची जागा ठरवायची. केवढा फरक आहे! त्यांना कळला नाही, मला कळला.

चिमणी घरभर धप टप करत फिरते. खालच्या मजल्यावरच्यांनी वरच्या छताला काठीने ठोकून दोनदा विचारपूस केली.

एक सांगू का? सिनेमावाले गोष्टीत वाटेल ते बदलतात. त्यांचा शेवट वेगळा निघाला, तर तू फार मनावर घेऊ नकोस. तू आपली पानं चिकटव. शेवटाबिवटाच्या भानगडीत पडायचं काही कारण नाही.

नवे मोजे पाठवतेय. भोकाची कीर्ती पुरे झाली.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

मोजे मिळाले. पण तू शेवटाचं कशाला काढलंस? तुझ्या जिभेवर तीळ आहे का गं? ऐक काय झालं ते.

सोमवारी सिनेमाचा शेवटचा तुकडा भरायचा होता. मी आदल्या दिवशी बासची पानं जोडायला घेतली, तर शेवटच्या पानावर काहीच नाही. नुसती जाड रेघ आणि वर चौसष्ट. जाड-बारीक खुणा नाहीतच! मला वाटलं, छापणाऱ्यांनी घोळ घातला. राक्षस घरी येतो, आणि त्याची चालच नाही, असं कसं चालेल? छपाईच्या खोलीत शोधलं, रद्दीच्या पेट्या उपसल्या, कुठे काही नाही. सोमवारी सकाळी सांगावं म्हणून धावत आलो, तर लाल दिवा लागलेला. पडद्यावर पूर आलेला, पूल धिप्पाडच्या पाठीवर, सगळं शहर पलीकडे पळतंय. व्हायोलिनं नुसती पेटलेली. आणि आठ बासवाले गज खाली ठेवून गप्प!

ताई, मला राहवलं नाही. मोज्यांवर घसरत हॉलच्या मधोमध गेलो आणि हात वर करून ओरडलो, "थांबा! पानं हरवलीत!"

सगळं थांबलं. आमचे हॉलचे साहेब आहेत, त्यांना सगळे मागे घड्याळसाहेब म्हणतात, कारण ते माणसाकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघतात. ते काचेमागच्या खोलीतून धावत आले. "अकरा मिनिटं! अकरा मिनिटं गेली तुझ्यापायी!" बाई मात्र ओरडल्या नाहीत. आवाज खाली नेऊन म्हणाल्या, "कोणती पानं?"

"बासची. राक्षस परत येतो त्याची."

"राक्षस परत येत नाही," बाई म्हणाल्या. "तो बुडतो. म्हणून बास गप्प आहेत."

"बुडतो? अहो बाई, तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

साठ माणसं हसली, ताई. बासवाले आजोबा तर वाद्याला टेकून हसले. बाई म्हणाल्या, "तीनदा."

"मग तुमच्या पुस्तकाची पानं गळलेली असतील. माझ्या बहिणीने मला अख्खं वाचून दाखवलंय. ती एक अक्षर खोटं बोलत नाही."

बाई म्हणाल्या, "चोवीस मार्चला आपण पुन्हा बसतोय. घेऊन ये ते पुस्तक. त्यात तो परत येत असेल, तर मी हा तुकडा पुन्हा लिहीन. येत नसेल, तर या साठ जणांसमोर म्हणायचं, की मी चुकलो."

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण तोंड माझं. बोलून गेलो, "नसेल तर मी स्वतःहून ही पायरी उतरतो, पुन्हा चढत नाही." घड्याळसाहेबांनी ते लगेच डायरीत लिहून घेतलं.

तेव्हा ते निळं पुस्तक ताबडतोब पाठव. नोकरी आवडायला लागलीय गं. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंगरी


१ मार्च

भिंगरी,

तुझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं, मोजे नको होते.

त्या पुस्तकाचं असं झालं, की त्याला वाळवी लागली होती. म्हणून घर बदलताना ते टाकून दिलं. किंवा मग भाऊजींच्या एका मित्राने वाचायला नेलं होतं, तो आता दूर कुठेतरी राहायला गेला. एकूण काय, पुस्तक नाही.

आणि नोकरी कशाला पणाला लावायची? बाई एवढ्या मोठ्या, त्यांनी तीनदा वाचलं म्हणतात, तर त्यांचंच ऐक. जाऊन सांग, लहानपणीचं आहे, नीट आठवत नाही. चुकलो म्हणायला काही पडत नाही. त्या चांगल्या दिसतात, ठेवून घेतील. मी पैज लावलीय हे विसरू नकोस. माळा फार घाण आहे काकूंचा.

जेवतोस ना वेळेवर?

ताई

मामा, आईने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी पण लिहिते. राक्षसाचं पुस्तक आईच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. त्याला वाळवी नाही. आईने काल ते वाचलं आणि रडली. मी विचारलं तर म्हणाली कांदा. पण आम्ही कांदा चिरत नव्हतो. तुझी चिमणी


७ मार्च

ताई,

पकडली! चिमणीला माझ्याकडून दोन मुके दे. वाळवी काय, मित्र काय, थट्टा करतेस होय माझी? मी आधी खरंच घाबरलो, मग खालचं वाचून एवढा हसलो की बासवाले आजोबा म्हणाले, "गावाकडून काय लॉटरीचं पत्र आलंय का?" त्यांनाही सांगितलं. आता सगळ्या बासवाल्यांना माहीत आहे की पुस्तक साड्यांखाली आहे. ते माझ्या बाजूने झालेत, कारण शेवटचा तुकडा त्यांना नुसतं उभं राहून काढावा लागतो आणि आजोबांचे पाय दुखतात.

आणि रडायचं काय त्यात? माझी आठवण आली असेल तर सरळ सांगावं. कांद्याला कशाला बदनाम करतेस?

रजिस्टरने पाठव. चोवीसच्या आत पोचायला हवं. बाईंच्या समोर मी ते पान उघडणार, बोट ठेवणार आणि म्हणणार, "वाचा." घड्याळसाहेबांचं तोंड बघायला तू इथे हवी होतीस.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरी,

पुस्तक पाठवतेय. पण ते उघडायच्या आधी हे पत्र वाच.

बाई बरोबर आहेत. धिप्पाड बुडतो.

चप्पल वाहून जाते तिथपर्यंत बाबांनी वाचलं होतं, तुला आठवत असेल. मग बाबा गेले. पुढचं मी वाचायला घेतलं, कारण तू जेवायचा नाहीस, आणि पुस्तक उघडलं की नकळत चार घास खायचास. मी चौदा वर्षांची, तू आठचा. घास भरवायला मला पुस्तकाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. रोज मला विचारायचास, "राक्षस परत येतो ना गं?" आणि मी म्हणायचे, बघू या की.

शेवटचं प्रकरण मी दुपारी एकटीने आधी वाचून काढलं. सगळं शहर पलीकडे जातं, पूल त्याच्या पाठीवरून सरकतो आणि तो खाली जातो. पोर सकाळपर्यंत काठावर बसून राहते. पाणी ओसरतं. संपलं. मी पुस्तक मिटलं, आणि मला वाटलं, हे मी वाचणार नाही. बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते रे. त्या घरातून आणखी कोणी गेलेलं मला चालणार नव्हतं.

मग तुला समोर बसवून मी पुस्तक उघडलं आणि त्यात बघत मनाचंच सांगत गेले. तू माझ्या हाताकडे डोळे लावून बसायचास, म्हणून मधूनमधून पान उलटत होते. मला वाटलं, मोठा झालास की कधीतरी वाचशील आणि हसशील. पण तू पुस्तकांच्या वाटेला गेलाच नाहीस. मग मला वाटलं, सुटले.

माझ्या शब्दावर तू नोकरी पणाला लावलीस, आणि माझा तो शब्दच खोटा होता. "ती एक अक्षर खोटं बोलत नाही", हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून घास गोड लागत नाही. दोष माझा आहे, पायरी तू उतरू नकोस. हवं तर हे पत्र बाईंना दाखव.

ताई


५ एप्रिल

भिंगरी,

चोवीस तारीख होऊन बारा दिवस झाले. रजिस्टरची पोच आली, सही तुझीच आहे, ती तिरकी. फोन लावला तर लागत नाही. राग आला असेल तर राग आला म्हणून तरी लिही. नोकरी गेली असेल तर सरळ इकडे ये, कोणी काही म्हणणार नाही. माळा मी कालच साफ करून टाकला, पैजेचं मी काकूंकडे काढतच नाही.

दोन ओळी लिही. दोनच.

ताई


९ एप्रिल

ताई,

दोन ओळींत मावणार नाही. बस.

राग आला होता. दीड दिवस. माझ्या मानाने पुष्कळ झाला. मग पुस्तक उघडलं आणि शेवटचं प्रकरण स्वतः वाचलं, बोट ठेवून, चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत. आणि एक गोष्ट ध्यानात आली, आणि मी एकटाच टेबलावर हात मारून हसलो. ताई, मी हे तेव्हाच ओळखायला हवं होतं! खरं पुस्तक वाचणारा माणूस वाक्याच्या मधेच पान उलटतो. "नावाड्याची पोर धावत...", मग पान, मग "...पुलावर आली." बाबा तसेच वाचायचे. तूही आधी तशीच वाचायचीस. पण शेवटच्या दिवशी तू एकदाही मधे उलटलं नाहीस. वाक्य संपायचं, तू श्वास घ्यायचीस, मग पान. प्रत्येक पान थांब्यावर! आज मी जे काम करतो ते तू चौदाव्या वर्षी करत होतीस, तेही पानांवर नसलेल्या गोष्टीसाठी.

चोवीस तारखेचं ऐक. साठजण बसलेले, घड्याळसाहेब डायरी उघडून तयार. मी पुस्तक बाईंच्या स्टँडवर ठेवलं. म्हणालो, "तुम्ही बरोबर होता. तो बुडतो. परत येतो ते माझ्या बहिणीने रचलं. मी आठ वर्षांचा होतो आणि जेवत नव्हतो. मी चुकलो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तुझं पत्र कोणाला दाखवलं नाही, ते माझं आहे. मी कात्री ठेवली, पट्टीची रिळं ठेवली आणि निघालो. शब्द म्हणजे शब्द. आपल्या घरात एकाचा तरी खरा निघायला नको का?

दाराबाहेर आलो तर बूट एकच. दुसरा गायब. सगळं कपाट धुंडाळलं. एक बूट घालून, दुसऱ्या पायात तुझा नवा मोजा, असा पुन्हा आत आलो विचारायला. लाकडी जमीन, साठ माणसं चिडीचूप, आणि मी चालतोय. धप. टप. धप. टप. मला स्वतःला अर्ध्या वाटेपर्यंत काही कळलं नाही. मग बासवाल्या आजोबांनी हळूच माझ्या पावलांबरोबर तार छेडायला सुरुवात केली, धप, टप, आणि बाकीचे सात त्यांच्यामागे. मी थांबलो तर तेही थांबले. चाललो तर चालू. आता मात्र सगळा हॉल हसत सुटला.

"काय हवंय?" बाई म्हणाल्या.

"बूट."

बूट सापडला. दार आपटू नये म्हणून घड्याळसाहेबांनीच तो दाराला अडण म्हणून लावला होता.

पण बाई हसत नव्हत्या. पुस्तकावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीचा राक्षस परत येतो तेव्हा काय म्हणतो?"

मी सांगितलं, जसं तू सांगितलंस तसं. सकाळी पाणी ओसरतं, पोर घरी जाऊन दार लावून बसते. मग लांबून आवाज येतो. ती दार उघडते तर हा उभा, निथळत, कानात शेवाळ. ती म्हणते, बुडाला होतास ना? तो म्हणतो, "मला पोहता येत नाही. म्हणून तळातून चालत आलो." आणि पाय शेकायला बादलीभर गरम पाणी मागतो.

बाई म्हणाल्या, "तळातून चालत आलो." दोनदा म्हणाल्या. मग पेन्सिल मागितली.

चित्रं बदलता येत नाहीत, ताई. ती काढून झालीत. सिनेमात तो बुडणार आणि बास गप्पच राहणार. पण सिनेमा संपल्यावर काळ्या पडद्यावर नावं वर जातात ना, कोणी काय केलं त्याची? तिथे चित्र नसतं. गोष्ट संपलेली असते. तिथे बाई काहीही वाजवू शकतात. घड्याळसाहेब म्हणाले, "नावांना कोण थांबतं? लोक चपला शोधत असतात." बाई म्हणाल्या, "राक्षसही तेच करतोय."

म्हणून पत्र नाही लिहिलं. नवा तुकडा लिहून झाला तशी पानं जोडत बसलो होतो, फोनही पेटीत बंद. आणि यात बासना एकही थांबा नाही! सुरुवातीला नुसतं ऐकू येईल न येईल असं, मग जवळ, आणखी जवळ. चालणारा थांबला तर मेलाच. मग पान उलटायचं कुठे? दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सगळी पानं सलग आडवी जोडली, दोन दोन स्टँड शेजारी लावले, आणि आजोबांना म्हटलं, तुम्ही वाजवत वाजवत सरका. एकदाही पान उलटायचं नाही. काल भरून झालं. पहिल्याच खेपेला!

नोकरीचं म्हणशील तर घड्याळसाहेबांनी विचारलंच, "पायरी उतरणार होतास ना?" मी म्हटलं, "उतरणार होतो साहेब, पण एकाच बुटावर कसा उतरू?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग डायरीतलं ते पान फाडलं. व्यवस्थित, आवाज न करता.

काकूंना सांग, तू जिंकलीस. आता त्या तुझा माळा साफ करू देत.

भिंगरी

ता. क. बाईंनी निळं पुस्तक परत दिलंय, तुझ्यासाठी ठेवलंय. त्या म्हणाल्या, "बहिणीला सांग, मी तीनदा वाचलं आणि तीनदा रडले. मला कोणी असं वाचून दाखवलं नाही."


२ नोव्हेंबर

भिंगरी,

काल गेलो. मी, भाऊजी आणि चिमणी. काकूही आल्या, "माळा झाडला तो कशासाठी ते बघू तरी" म्हणून.

थिएटर भरलेलं होतं. चिमणी माझ्या मांडीवर. पहिल्यांदा धप टप वाजलं तेव्हा तिने मागे वळून माझ्या हाताकडे बघितलं, मीच वाजवतेय की काय म्हणून. शेवटी तो खाली गेला तेव्हा थिएटरभर नाकं वाजली. काकूंनी माझा पदर घेतला, स्वतःचा असताना. चिमणी मात्र रडली नाही. ती म्हणाली, "आता दार लावून बसायचं ना?" तुला सांगितली तीच गोष्ट मी तिलाही सांगितलीय.

मग पडदा काळा झाला, नावं सुरू झाली. दिवे लागले. लोक उठले, पोरं रडायला लागली, कोणाची पिशवी सापडेना. भाऊजी उठले. मी म्हटलं, बसा. काकू म्हणाल्या, संपलं गं. मी म्हटलं, काकू, बसा. खालच्या रांगेतून एक जण झाडू घेऊन वर येत होता. आमच्यापाशी थांबून म्हणाला, "ताई, काही राहिलंय का?"

मी म्हटलं, "हो. एक जण यायचा राहिलाय."

त्याने इकडेतिकडे बघितलं. आणि तेव्हाच खूप लांबून, जणू जमिनीच्या खालून, आलं ते. धप. मला वाटलं भास. मग टप. झाडूवाल्याने झाडू उभा धरला. दारापर्यंत गेलेली दोन-चार माणसं वळली. एक आजी परत येऊन पहिल्या दिसलेल्या खुर्चीवर बसल्या. तो येत होता, भिंगरी. थांबत नव्हता. चिखलातून पाय काढत, एका चपलेने, येतच होता. चिमणी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "आई, तो तळातून आला!"

त्या नावांत तुझंही नाव होतं म्हणे. भाऊजींनी बघितलं, काकूंनीही. पाने जुळवणी, असं काहीतरी. मी नाही बघितलं. मी डोळे मिटून बसले होते. चौदा वर्षांची असताना मी ट्रंकेवर मूठ आपटत होते तेव्हा मला ठाऊक होतं की तो येत नाहीये. काल आला.

बाहेर पडताना झाडूवाला म्हणाला, "पुढच्या खेळाला मी उशिरा झाडीन."

बाकी सगळं ठीक. भाऊजी सकाळपासून एक चप्पल शोधताहेत आणि माझ्यावर उखडलेत, जणू मीच नेऊन कुठे विकली. एक चप्पल घेऊन मी काय करू? सुट्टी मिळाली की ये. पुस्तक घेऊन ये. या वेळी तू वाच, मी जेवते.

ताई

मामा, बाबांची चप्पल मी दाराबाहेर ठेवली आहे. उजव्या पायाची. बादली पण ठेवली आहे, पण पाणी सारखं गार होतं. आईला सांगू नकोस. चिमणी